मातृद्रवात उरलेले : आयोडाइडच्या व्यापाराचा इतिहास

सागरी शेवाळाची राख पाण्यात कालवून, गाळून, ते पाणी आटवत नेले की त्यातले क्षार एकामागून एक स्फटिक होऊन तळाशी बसतात; ज्यांचे स्फटिक सहजी होत नाहीत असे जे काही शेवटी दाट, काळपट द्रवात उरते, त्या द्रवाला रसायनशास्त्रात मातृद्रव म्हणतात. आयोडाइडचा, म्हणजे आयोडीनच्या अणूने एक जादा इलेक्ट्रॉन स्वीकारून झालेल्या ऋणभारित आयनाचा, व्यावहारिक इतिहास हा बऱ्याच अंशी या उरलेल्या द्रवाचा इतिहास आहे. प्रथम ते हाती लागले ते सोरा करणाऱ्याच्या हंड्यात, आणि पुढे आयोडीनचा सर्वांत मोठा पुरवठा सुरू झाला तोही सोऱ्याच्याच खाणीतून. मधली काही दशके किनाऱ्यावरच्या माणसांनी खास त्याच्यासाठी भट्ट्या पेटवल्या खऱ्या, परंतु तो धंदा अखेर बुडाला तो दुसऱ्या एका मालाच्या कारखान्यात ते जवळजवळ फुकट मिळू लागल्यामुळे.

आयोडाइडच्या स्वभावातच या इतिहासाची काही कारणे आहेत. मिठातल्या क्लोराइडचा तो सख्खा भाऊ असला, तरी आकाराने बराच मोठा आहे आणि आपला जादा इलेक्ट्रॉन तो सैल हाताने धरतो. त्यामुळे तीव्र आम्ल, क्लोरीन किंवा ओलाव्याच्या सोबतीने हवेतला प्राणवायूदेखील तो इलेक्ट्रॉन काढून घेऊ शकतो. या क्रियेला ऑक्सिडीकरण म्हणतात, आणि तीतून मोकळे झालेले आयोडीन उष्णता मिळताच जांभळ्या वाफेच्या रूपाने उडून जाते. सोडियम आणि पोटॅशियम यांची आयोडाइडे दिसायला मिठासारखीच पांढरी व पाण्यात चटकन विरघळणारी असतात, तर चांदीचे आयोडाइड पिवळे, पाण्यात न विरघळणारे आणि उजेडाने बदलणारे असते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सर्व रूपांतले मिळून आयोडीन जेमतेम ०.०६ मिलिग्रॅम भरते. एवढ्या विरळ पाण्यातून ते गोळा करण्याचे काम मनुष्याने कधीच केले नाही; ते लॅमिनेरिया जातीच्या मोठ्या तपकिरी शेवाळांनी केले, जी आपल्या पेशींत समुद्राच्या हजारो पटींनी अधिक आयोडाइड साठवतात. ओहोटीला उघडे पडल्यावर हवेतल्या ओझोनसारख्या विध्वंसक द्रव्यांना तोंड देण्यासाठी हा साठा शेवाळाला कामी येतो, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. म्हणजे ज्या स्वभावामुळे आयोडाइड कारखानदाराच्या हातून निसटते, तोच शेवाळाच्या उपयोगी पडतो.

शेवाळ जाळून राख करण्याचा उद्योग मात्र आयोडीनचे नाव ठाऊक होण्याच्या फार आधीपासून चालत होता. काच आणि साबण यांसाठी सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, लागत असे, आणि तो स्पेनच्या किनाऱ्यावरील क्षारप्रिय झुडपांच्या बॅरिला नावाच्या राखेतून किंवा उत्तरेकडील सागरी शेवाळाच्या राखेतून मिळत असे. स्कॉटलंडच्या उत्तरेस असलेल्या ऑर्कनी द्वीपसमूहात स्ट्रॉन्से बेटावर १७२२ मध्ये हा उद्योग सुरू झाला. त्या धुराने मासे पळतील, गुरे आजारी पडतील आणि पिके जळतील या भीतीने तेथील रहिवाशांनी १७४२ मध्ये दंगाही केला. पण जमीनदारांना त्यातला पैसा दिसू लागल्यावर विरोध टिकला नाही. किनाऱ्यावर दगड रचून केलेल्या खड्ड्यांत वाळलेले शेवाळ थराथराने जाळावयाचे, राख वितळून लगद्यासारखी झाली की लांब लोखंडी दांड्यांनी ती घुसळावयाची, आणि थंड झाल्यावर तिचे दगडासारखे तुकडे जहाजात भरावयाचे, असा हा क्रम होता. एक टन राखेसाठी सुमारे वीस टन ओले शेवाळ कापून वाहून आणावे लागे. नेपोलियनच्या युद्धांमुळे स्पेनचा माल अडला, तेव्हा राखेचा भाव टनाला वीस पौंडांच्या आसपास गेला, परंतु त्यातला मोठा वाटा जमीनदाराकडे जाई आणि गुडघाभर गार पाण्यात उभ्या राहणाऱ्या कुळांच्या पदरी थोडेच पडे. ही कुळे अमेरिकेकडे स्थलांतर करू लागली, तेव्हा १८०३ मध्ये प्रवासी जहाजांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. तो प्रवाशांच्या सोयीच्या नावाखाली आला असला, तरी त्याच्या पाठीराख्यांत स्वस्त मजूर हातचे जाऊ नयेत अशी चिंता असलेले जमीनदार होतेच. पुढे युद्ध संपले, बॅरिलावरील जकात उतरली, मिठापासून सोडा करण्याची निकोला लब्लाँ याची पद्धत पसरली, आणि १८२० नंतरच्या काही वर्षांत राखेचा भाव कोसळला. ज्या कुळांना काल जाऊ देत नव्हते, त्यांनाच आता जहाजावर चढवण्यात येऊ लागले.

याच राखेचे दुसरे गिऱ्हाईक म्हणजे सोरा करणारे, आणि येथे या कथेत हिंदुस्थानचा अप्रत्यक्ष पण खरा संबंध येतो. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हा बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. आणि अठराव्या शतकात त्याचा जगातील सर्वांत मोठा पुरवठा बिहारमधून, तेथील नोनिया जातीच्या कारागिरांकडून होत असे. १७५७ नंतर बंगाल-बिहारवर इंग्रजांच्या कंपनीचा जम बसला आणि तिने सोऱ्याचा मक्ता आपल्याकडे घेतला, तेव्हा फ्रान्सला आपला सोरा घरच्या घरी करणे भाग पडले. जुन्या तळघरांची व गोठ्यांची माती, शेण आणि मूत्र यांचे ढीग कुजवून, धुऊन जे पाणी मिळे, त्यात बहुतेक कॅल्शियम नायट्रेट असे. त्याचे पोटॅशियम नायट्रेट करण्यासाठी पालाश लागे, जो एरवी लाकडाच्या राखेतून मिळे. दीर्घ युद्धांमुळे लाकडाची राखही पुरेनाशी झाली आणि पॅरिसमधील सोरा-कारखानदारांचे लक्ष ब्रिटनी आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील शेवाळाच्या राखेकडे गेले. बेर्नार कुर्त्वा (१७७७–१८३८) हा अशाच एका कारखान्याचा मालक होता. दिजाँ येथील सोरा-कारखान्यात वाढलेला, रसायनशास्त्राचे रीतसर शिक्षण घेतलेला, पण शास्त्रज्ञ म्हणून नाव नसलेला असा तो मनुष्य होता.

शेवाळाच्या राखेवर काम करताना आपली तांब्याची भांडी विलक्षण वेगाने झिजत आहेत, हे कुर्त्वाच्या ध्यानात आले. तांब्याशी आयोडाइडचे विशेष सख्य असल्याने तसे होणे स्वाभाविकच होते. १८११ च्या अखेरीस राखेच्या मातृद्रवात तीव्र गंधकाम्ल पडले, तेव्हा त्यातून जांभळी वाफ उठली आणि थंड जागी तिचे काळसर, धातूसारखे चकचकणारे स्फटिक जमले. आम्ल भांडी साफ करताना जास्त पडले की मुद्दाम टाकले, याविषयी एकाहून अधिक कथा सांगितल्या जातात. त्यांतली कोणती खरी हा प्रश्न फारसा महत्त्वाचा नाही, कारण अशी वाफ याआधीही कोणाच्या ना कोणाच्या भट्टीत उठली असणार, आणि कुर्त्वाचे वेगळेपण एवढेच की त्याने ती जमवली, तिची अमोनियाशी व धातूंशी होणारी संयुगे करून पाहिली, आणि आपल्याजवळ पुढे जाण्याइतके साधन नाही हे ओळखून नमुने दुसऱ्यांच्या हाती दिले.

हे नमुने घेणाऱ्या क्लेमाँ आणि देझोर्म या दोघांनी २९ नोव्हेंबर १८१३ रोजी पॅरिसच्या विद्वत्सभेत या द्रव्याची पहिली जाहीर वार्ता दिली. त्याच सुमारास इंग्रज रसायनज्ञ सर हंफ्री डेव्ही, इंग्लंड-फ्रान्स युद्ध चालू असतानाही नेपोलियनने दिलेल्या परवान्यावर, तरुण मायकेल फॅरडेला मदतनीस म्हणून घेऊन पॅरिसला आलेला होता, आणि २३ नोव्हेंबरलाच अँपेअरने त्याला एक नमुना नेऊन दिलेला होता. डेव्हीने आपल्या प्रवासी पेटीतल्या उपकरणांवर आणि जोसेफ गे-ल्युसॅकने आपल्या प्रयोगशाळेत, असे दोघांनी काही दिवसांच्या अंतराने ठरवले की हे क्लोरीनसारखे एक नवे मूलद्रव्य आहे. जांभळ्या फुलाच्या रंगाचा असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून गे-ल्युसॅकने त्याचे नामकरण केले. अग्रक्रमाचा वाद दोन राष्ट्रांच्या अभिमानाने पेटला आणि त्यावर पुष्कळ शाई खर्च झाली; कुर्त्वाला मात्र या वादात कोणी पक्षकारही केले नाही. युद्ध संपल्यावर परदेशी सोरा पुन्हा येऊ लागला, त्याचा धंदा बसला, आयोडीन विकून पाहण्याचा प्रयत्नही फार चालला नाही, आणि १८३१ मध्ये मिळालेल्या सहा हजार फ्रँकच्या पारितोषिकानंतरही सात वर्षांनी तो गरिबीतच वारला.

या नव्या द्रव्याला बाजार मिळवून दिला तो वैद्यकाने. गलगंडावर, म्हणजे गळ्यातील अवटू ग्रंथीच्या सुजेवर, जाळलेल्या स्पंजाची राख देण्याची रीत युरोपात मध्ययुगापासून होती, आणि चीनमध्ये त्याच रोगावर समुद्रशेवाळ देत असत. स्पंजाच्या राखेतही आयोडीन असणार असा तर्क करून जिनिव्हाचा वैद्य झाँ-फ्रान्स्वा क्वांदे याने १८२० मध्ये मद्यार्कात विरघळवलेले आयोडीन गलगंडाच्या रोग्यांना दिले आणि अनेकांची सूज उतरल्याचे जाहीर केले. या यशाचाच पुढे उपद्रव झाला, कारण लोक औषधविक्रेत्याकडून आयोडीन आणून मनास येईल तितके घेऊ लागले आणि धडधड, कंप, झपाट्याने रोडावणे अशी लक्षणे दिसू लागली. आज ती अवटूच्या अतिस्रावाची म्हणून ओळखता येतात, तेव्हा ती आयोडीनच्या विषारीपणाची मानली गेली. यातून काही वैद्य पोटॅशियम आयोडाइडच्या सौम्य मात्रेकडे वळले. पॅरिसच्या लुगॉल या वैद्याने १८२९ च्या सुमारास प्रचारात आणलेले पाण्यातले औषध आयोडाइडचा एक वेगळा गुण दाखवते: शुद्ध आयोडीन पाण्यात फारच थोडे विरघळते, पण त्याच पाण्यात पोटॅशियम आयोडाइड घातले की आयोडाइडचा आयन आयोडीनच्या रेणूला आपल्याशी जोडून घेतो आणि त्रिआयोडाइड या रूपात त्याला पाण्यात उतरवतो. उपदंशापासून दम्यापर्यंत नाना रोगांवर एकोणिसाव्या शतकातील वैद्यांनी पोटॅशियम आयोडाइड इतके वापरले की निदान हाती न लागल्यावरचा तो हुकमी उपाय बनला.

दुसरे गिऱ्हाईक छायाचित्रकार. लुई दागेरने १८३९ मध्ये जाहीर केलेल्या पद्धतीत चांदीचा मुलामा दिलेला पत्रा आयोडीनच्या वाफेवर धरून त्यावर रौप्य आयोडाइडचा पातळ थर आणावा लागे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८४१ मध्ये कागदावर हेच साधले, आणि १८५१ पासून काचेवर कलोडियन पसरण्याची जी रीत आली तिच्यातही आयोडाइडचे क्षार मिसळलेले असत. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे एतद्देशीय वैद्य तीत भाग घेऊ लागले, तेव्हा त्यांच्या काचांवरचा तो पिवळसर थर ज्या आयोडाइडातून बने, त्याचे मूळ युरोपच्या किनाऱ्यावरच्या शेवाळाच्या भट्टीत असण्याचाच संभव अधिक होता, कारण त्या काळी जगाचा बहुतेक पुरवठा तेथूनच होत असे.

अशा रीतीने मेलेला राखेचा धंदा दुसऱ्यांदा उठला. ब्रिटनीच्या टोकाला ल काँके येथे १८३० च्या सुमारास आयोडीनचा कारखाना निघाला, स्कॉटलंडमध्ये ग्लासगो हे या उद्योगाचे केंद्र झाले, आणि ओस पडलेले खड्डे पुन्हा धुमसू लागले. पण जुनी विद्या नव्या मालाला उपयोगी नव्हती, नव्हे अपायकारक होती. सोड्यासाठी राख जितकी तापवावी आणि वितळवावी तितकी बरी असे. आयोडाइडला मात्र तीच आच उडवून लावी. शेवाळाच्या जातीतही फरक होता: किनाऱ्याच्या खडकांवर वाढणारे, कापायला सोपे असे जे शेवाळ सोड्यासाठी चाले त्यात आयोडाइड थोडे, आणि खोल पाण्यातल्या लॅमिनेरियात अधिक, तेव्हा वादळांनी उपटून किनाऱ्यावर टाकलेल्या शेवाळाची हिवाळ्यात वाट पाहत बसणे, ते पावसाने धुऊन जाण्याआधी वाळवणे, असे नवे कष्ट सुरू झाले. एडवर्ड स्टॅनफर्ड या रसायनज्ञाने १८६२ मध्ये लंडनच्या कलासंस्थेपुढे निबंध वाचून हे सारे नुकसान मोजून दाखवले आणि उघड्या खड्ड्याऐवजी बंद भांड्यात शेवाळाचा कोळसा करण्याची पद्धत सुचवली. टायरी बेटावर त्याने कारखाना काढला. तेथील लोकांनी मात्र आपली उघडी भट्टी सहजासहजी सोडली नाही, आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही, कारण राखेची किंमत वजनावर ठरत असेल तर तीत वाळू आणि दगड मिसळणे हे शेवाळ जपून जाळण्यापेक्षा स्वस्त पडते. स्टॅनफर्डच्या हाती अखेर लागली ती वेगळीच वस्तू, १८८० नंतर त्याने शेवाळातून वेगळे केलेले अल्जिन, ज्याचे उद्योगातील महत्त्व आयोडीनपेक्षा अधिक टिकले.

या धंद्यावर घाला आला तो दक्षिण अमेरिकेतल्या आताकामाच्या वाळवंटातून. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नसल्याने जमिनीच्या वरच्या थरात सोडियम नायट्रेट, म्हणजे सोऱ्याचाच एक प्रकार, साचून राहिले आहे. त्याच्या कच्च्या दगडाला कालिचे म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात खत व स्फोटके यांसाठी तो जहाजे भरभरून युरोपात जाऊ लागला. या कालिचेत आयोडीनही असते, सर्वसाधारणपणे हजारात एका भागाहूनही कमी, आणि तेही आयोडाइड म्हणून नव्हे तर आयोडेट म्हणून, म्हणजे ज्यात आयोडीनच्या अणूशी प्राणवायूचे तीन अणू जोडलेले आहेत अशा रूपात. इतक्या अल्प प्रमाणासाठी कोणी डोंगर खणला नसता. पण दगड गरम पाण्यात धुऊन, सोरा स्फटिकरूपाने काढून घेऊन, तेच पाणी पुन्हा नव्या दगडावर ओतण्याची तेथे पद्धत होती, त्यामुळे दर फेरीला आयोडेट पाण्यात साचत जाई आणि ‘आग्वा व्हिएहा’, म्हणजे जुने पाणी, या नावाच्या मातृद्रवात त्याचे प्रमाण वाढे. कुर्त्वाने गंधकाम्लाने आयोडाइडचा इलेक्ट्रॉन काढून घेतला होता; येथे उलट क्रिया, म्हणजे क्षपण, करावी लागे, आणि त्यासाठी सोडियम बायसल्फाइट वापरले की आयोडीन काळ्या गाळासारखे खाली बसे. ते लहान लाकडी पिंपांत भरून वर ओले कातडे शिवत, जे वाळले की आवळून घट्ट बसे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हा माल जगाच्या बाजारात पसरला. १८७९ ते १८८३ च्या युद्धात चिलीने पेरू व बोलिव्हिया यांच्याकडून सोऱ्याचे प्रदेश जिंकून घेतल्यावर जगाचे आयोडीनही त्याच्याच हाती गेले. चिलीचे कारखानदार मनात आणते तर जगाच्या गरजेच्या कित्येक पट आयोडीन काढू शकत होते. म्हणून त्यांनी व्यापारसंघ करून विक्री आणि भाव बांधून घेतले, आणि शेवाळवाल्यांना तग धरता आला तो याच कृत्रिम भावाच्या आधारावर. ब्रिटनीतील भट्ट्या सरकारी संरक्षणाच्या आधाराने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत धुमसत राहिल्या. सोऱ्याचेही दिवस पुढे फिरले: हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याचा हाबर-बॉश पद्धतीचा पहिला कारखाना १९१३ मध्ये जर्मनीत सुरू झाला आणि पुढील दोन दशकांत चिलीची सोऱ्याची गावे ओस पडू लागली. हंबरस्टन आणि सांता लॉरा ही त्यांतली दोन गावे आज जागतिक वारसा म्हणून जपलेली आहेत. उपपदार्थ मात्र उरला. जगाच्या आयोडीनचा निम्म्याहून अधिक भाग अजूनही चिलीतून येतो, आणि बाकीचा बराचसा जपानमधील चिबा भागात नैसर्गिक वायूबरोबर वर येणाऱ्या खाऱ्या पाण्यातून, ज्यात ते आयोडाइडच्याच रूपात असते.

आयोडाइड घराघरांत पोहोचले ते मिठाच्या वाटेने, आणि ही वाट सापडूनही तिच्यावरून चालायला जवळजवळ नव्वद वर्षे लागली. कोलंबियाच्या डोंगराळ प्रांतात ज्या गावांत विशिष्ट खाणींचे मीठ खाल्ले जाते तेथे गलगंड नाही, आणि त्या मिठात आयोडीन आहे, हे झाँ-बातिस्त बूसँगो याने पाहिले आणि असे मीठ सर्वत्र वाटावे अशी सूचना १८३३ मध्ये केली. १८५० नंतर शातँ याने फ्रान्सच्या व आल्प्सच्या पाण्यांत आणि वनस्पतींत आयोडीन मोजून तोच संबंध दाखवला, पण पॅरिसच्या पंडितांना तो पटला नाही, आणि क्वांदेच्या काळातील अतिमात्रेची आठवण विरोधकांच्या मदतीला होतीच. १८९५ मध्ये फ्रायबुर्ग येथे ओयगेन बाउमान याला अवटू ग्रंथीतच आयोडीन सापडले, तेव्हा कुठे प्रश्नाचे स्वरूप बदलले. डेव्हिड मरीन आणि किंबल यांनी १९१७ पासून अमेरिकेतील अॅक्रन या शहरात शाळकरी मुलींना वर्षातून दोनदा सोडियम आयोडाइड दिले. ते घेणाऱ्या दोन हजारांवर मुलींपैकी पाच जणींना नव्याने गलगंड झाला, न घेणाऱ्या जवळजवळ तितक्याच मुलींत ही संख्या पाचशेच्या घरात होती. स्वित्झर्लंडमध्ये ओटो बायार्ड याने डोंगरातल्या एका गावी मिठात अत्यल्प पोटॅशियम आयोडाइड मिसळून पाहिले, आणि १९२२ मध्ये आपेनझेल प्रांतात ते मीठ विक्रीला आले. दोन वर्षांनी मिशिगनमध्येही तसेच झाले.

हिंदुस्थानात हा प्रयोग हिमालयाच्या पायथ्याशी, कांगडा खोऱ्यात, १९५६ मध्ये सुरू झाला. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोऱ्याचे तीन विभाग करून एकात पोटॅशियम आयोडाइड मिसळलेले, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेट मिसळलेले आणि तिसऱ्यात साधे मीठ पुरवले. काही वर्षांत पहिल्या दोन विभागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली उतरले, तिसऱ्यात उतरले नाही. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९८० च्या दशकात सर्व खाद्य मीठ आयोडीनयुक्त करण्याचे ठरले. मात्र स्विस प्रांतात जे आयोडाइड मिठात टिकले, ते येथे टिकणारे नव्हते. कोकणातल्या मिठागरांचे जाडे मीठ पावसाळ्यात बरणीत कसे पाझरते हे मराठी घरांत वेगळे सांगायला नको. मॅग्नेशियम क्लोराइडमुळे ओलावा ओढून घेणाऱ्या अशा मिठात आयोडाइडचा सैल इलेक्ट्रॉन सुटतो आणि मोकळे झालेले आयोडीन हवेत निघून जाते. म्हणून भारतात मिठात घालतात ते आयोडेट, म्हणजे आताकामाच्या दगडात ज्या रूपात आयोडीन पडून राहिले होते तेच. कारखान्यातून निघताना दहा लाख भागांत किमान ३० आणि ग्राहकाकडे पोहोचताना किमान १५ भाग आयोडीन मिठात असावे असे प्रमाण त्यासाठी बांधून दिले गेले. त्यासाठी लागणारे आयोडीन भारत मुख्यतः चिली आणि जपानकडून विकत घेतो. पोटात गेल्यावर या आयोडेटचे क्षपण होऊन पुन्हा आयोडाइड बनते, आणि रक्तातून अवटू ग्रंथी उचलते ते हेच आयोडाइड.